प्रसन्न मन आणि कामाची गती

आनंदी कर्मचारी अधिक चांगले काम करतात, हे सहज पटते. सिद्ध करणे मात्र कठीण आहे, कारण काम मनासारखे झाले तरीही माणूस खुलतो, आणि मग कारण कोणते व परिणाम कोणता हे नुसत्या निरीक्षणातून उलगडत नाही.

हा गुंता सोडवण्याचा एक सुंदर प्रयत्न ब्रिटिश टेलिकॉम या कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये झाला. सुमारे १,८०० विक्री कर्मचारी सहा महिने, दर आठवड्याला, पाच चेहऱ्यांपैकी एक निवडून आपली मनःस्थिती कळवत होते. संशोधकांनी त्याला जोड दिली ती हवामानाची. मळभ दाटले की मन उदास होते, पण ते खिडकीतून दिसले तरच. म्हणून त्यांनी प्रत्येक इमारतीत खिडक्या किती आहेत हेही मोजले. ग्राहक देशभर विखुरलेले असल्याने स्थानिक पावसाचा मागणीवर परिणाम होण्याचा प्रश्न नव्हता. बदलत होती ती केवळ विकणाऱ्याची मनःस्थिती. ती एका पायरीने सुधारली की विक्री सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होती. विशेष म्हणजे हे कर्मचारी जास्त वेळ काम करत नव्हते. तेवढ्याच वेळात ते अधिक कॉल हाताळत आणि त्यांतील अधिक कॉल विक्रीपर्यंत नेत. ग्राहकाचे मन वळवावे लागते अशा कामात हा फरक ठळक होता, साचेबद्ध ऑर्डर नोंदवण्यात तो फारसा दिसला नाही. मला हा तपशील मुख्य आकड्याहूनही मोलाचा वाटतो.

तरीही निव्वळ बेरजा करतानासुद्धा मनःस्थितीचा प्रभाव पडतो. वॉरिक विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, विनोदी चित्रफीत पाहिलेल्या सहभागींनी दहा मिनिटांत इतरांपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक बेरजा बरोबर सोडवल्या. त्यांची अचूकता वाढली नव्हती, त्यांनी अधिक गणिते हाती घेतली होती. येथे एक सावधगिरी हवी: प्रसन्न मन ठरलेल्या आडाख्यांवर अधिक विसंबते, त्यामुळे बारकाईने चुका शोधण्याच्या कामात ते नेहमीच उपकारक ठरते असे नाही.

याच संशोधकांनी उलट बाजूही तपासली. गेल्या काही काळात घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण अनुभवलेले सहभागी कमी आनंदी होते, आणि त्यांच्या हातून बेरजाही सुमारे १० टक्क्यांनी कमी झाल्या.