डेट्रॉइट आणि फिलिप लेव्हीन यांची आरंभीची कविता

अमेरिकन कवी फिलिप लेव्हीन (१० जानेवारी १९२८ – १४ फेब्रुवारी २०१५) यांच्या पूर्वार्धातील कवितेवर मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या मोटारउद्योगाच्या शहराचा पडलेला प्रभाव. या नोंदीत पूर्वार्ध म्हणजे ‘ऑन द एज’ (१९६३) या पहिल्या संग्रहापासून ‘दे फीड दे लायन’ (१९७२) या संग्रहापर्यंतचा काळ धरला आहे.

लेव्हीन यांचा जन्म डेट्रॉइटमध्येच, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा व्यवसाय होता. फिलिप पाच वर्षांचे असताना ते वारले. चौदाव्या वर्षापासून फिलिप कारखान्यांत कामाला जाऊ लागले. पुढे कॅडिलॅकमध्ये आणि शेव्हरोलेच्या गिअर-अ‍ॅक्सल कारखान्यातही त्यांनी काम केले. १९५० मध्ये वेन विद्यापीठातून ते पदवीधर झाले. त्याच वर्षी शहराची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती, आणि तो तिचा उच्चांक ठरला. ज्यांच्यासोबत आपण राबतो त्या माणसांना कवितेत आवाज नाही, तो आपण द्यावा, असा निश्चय याच काळात झाल्याचे ते पुढे सांगत.

प्रत्यक्षात हा निश्चय कवितेत उतरायला बराच काळ लागला. ‘ऑन द एज’मध्ये कारखाना फारसा दिसत नाही. आयोवा विद्यापीठात रॉबर्ट लोवेल आणि जॉन बेरीमन, तर स्टॅनफर्ड विद्यापीठात आयव्हर विंटर्स या कवींच्या सहवासात लेव्हीन यांनी काटेकोर छंदोरचना आत्मसात केली होती. तिच्यात अक्षरगणनेच्या रचनेला विशेष स्थान होते. आघातांऐवजी ओळीतील उच्चारघटक मोजणारी ही पद्धत इंग्रजीत विरळ असली, तरी अभंग-ओवीच्या वाचकाला तिची कल्पना सहज येईल. ‘नॉट धिस पिग’ (१९६८) या संग्रहाला नाव देणारी कविता बाजाराकडे हाकल्या जाणाऱ्या डुकराच्या तोंडी आहे. त्याचा शेवटचा नकार हा कामगाराचाच नकार म्हणून वाचला जातो. लेव्हीन १९५८ पासून कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे शिकवत होते. म्हणजे डेट्रॉइट त्यांच्या कवितेत ठळकपणे आले ते शहर सोडून बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे या प्रभावाचा विचार करताना तेथील वास्तव्याइतकेच नंतरच्या अंतरालाही महत्त्व द्यावे लागते.

‘दे फीड दे लायन’ या कवितेची पार्श्वभूमी जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये झालेल्या वांशिक उद्रेकाची मानली जाते. पाच दिवसांच्या त्या हिंसाचारात ४३ माणसे मेली. कोणी त्याला दंगल म्हणतात, कोणी बंड. कवितेचा नेमका रचनाकाळ १९६७ ते १९७२ या मर्यादेत ठेवणेच सुरक्षित. शीर्षकाच्या उगमाबद्दल मात्र कवीचे स्वतःचे निवेदन उपलब्ध आहे. लेव्हीन आणि त्यांचा एक कृष्णवर्णीय सहकारी जुने युनिव्हर्सल जॉइंट (मोटारीतील फिरते दांडे जोडणारे क्रूसाच्या आकाराचे सुटे भाग) निवडत होते. सिमेंटच्या जमिनीवर ते पसरायचे, दुरुस्त होण्याजोगे एका गोणीत आणि भंगाराचे दुसरीत टाकायचे, असे ते काम. सहकाऱ्याने एक गोणी उचलून धरली. तिच्यावर डेट्रॉइटच्या प्राणिसंग्रहालयाचे नाव छापलेले होते. तो हसला आणि आपल्या बोलीत म्हणाला की, ते त्यांच्या सिंहाला त्यांच्या गोण्यांतून त्यांचं खाणं घालतात. त्या बोलीत ‘दे’ हा एकच शब्द ‘ते’ आणि ‘त्यांचा’ अशी दोन्ही कामे करतो. कवितेत ही संदिग्धता मुद्दाम जपलेली आहे. ‘लायन’ हे तेथे नाम आहे की क्रियापद, यावर मतभेद आहेत. ते एकाच वेळी दोन्ही आहे, असे मानल्यास पाचही कडवी सुसंगत लागतात.

ही आठवण घटनेनंतर अनेक वर्षांनी सांगितलेली असल्याने ती जशीच्या तशी स्वीकारावी का, असा प्रश्न उरतो. संग्रहातील अंतर्गत पुरावा तिच्या बाजूने आहे. शीर्षककवितेची सुरुवातच गोणपाट आणि बेअरिंगचे ग्रीज यांनी होते. त्याच संग्रहातील ‘डेट्रॉइट ग्रीज शॉप पोएम’मध्ये गोणीतून काढलेले चार चकचकीत पोलादी क्रूस सहकाऱ्याच्या राठ तळव्यावर ताऱ्यांसारखे दिसतात. हे क्रूस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटच. त्यांना टोप्या बसवून ग्रीज भरणे हे रोजचे काम कवीने धार्मिक विधीतील तैलाभ्यंगाच्या शब्दांत मांडले आहे. हात काळे करणाऱ्या कामाला इतक्या आदराने न्याहाळणारी कविता त्या काळच्या अमेरिकन साहित्यात दुर्मिळच म्हणावी लागेल.

‘कमिंग होम, डेट्रॉइट, १९६८’ ही उद्रेकानंतरच्या शहराची कविताही याच संग्रहात आहे. पुढे ‘व्हॉट वर्क इज’ (१९९१) या संग्रहात, हायलंड पार्क येथील फोर्ड कारखान्याबाहेर कामासाठी रांगेत ताटकळणाऱ्या माणसांच्या रूपाने, लेव्हीन याच शहराकडे परतले.