गेझ. गेश. की डी.आर.जी.एम.? जुन्या जर्मन बिल्ल्याची पाठ वाचताना

जुना जर्मन मीनाकामाचा बिल्ला हाती आला की नजर आधी पुढच्या बाजूवर खिळते. गरुड, ओकची पानं, एखाद्या व्यायाम मंडळाची किंवा मोटार क्लबची अक्षरं. बिल्ला कुठला आणि कधीचा, हे मात्र बऱ्याचदा पाठीवरून ठरतं आणि घोळही तिथेच होतो. पाठीवर बारीक अक्षरांत कधी ‘गेझ. गेश.’ असतं, कधी ‘डी.आर.जी.एम.’. विक्रीच्या याद्यांमध्ये दोन्ही सर्रास कारखान्याचं नाव म्हणून छापली जातात. त्यातलं एकही कारखान्याचं नाव नाही. दोन्ही कायदेशीर संरक्षणाच्या खुणा आहेत, पण संरक्षण वेगळ्या गोष्टींना आहे, त्यामुळे त्यांच्यावरून काढायचे निष्कर्षही वेगळे.

‘गेझ. गेश.’ हे ‘कायद्याने संरक्षित’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचं लघुरूप. कोणत्या कायद्याने, कोणत्या देशात, कोणत्या साली, यातलं काहीच ते सांगत नाही. बिल्ल्यावर असेल तर रोख बहुधा पुढच्या नक्षीकडे असतो. जर्मन साम्राज्यात नक्षीला संरक्षण देणारा कायदा १८७६ सालचा. त्याखालच्या नोंदी देशभरासाठी एका कचेरीत होत नसत. कारखानदार आपल्या भागातल्या न्यायालयात नोंद करून घेई. म्हणून या खुणेशेजारी एखादा आकडा दिसला तरी गाव माहीत असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

शिवाय हे शब्द जर्मन भाषेचे आहेत, जर्मनी देशाचे नव्हेत. ऑस्ट्रियातले आणि स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागातले कारखानेही तेच छापत. पाठीवरची भाषा जर्मन म्हणून माल जर्मनीचा, ही उडी इथे सगळ्यात जास्त फसवते. आपल्याला जवळचं उदाहरण आझाद हिंदच्या सन्मानचिन्हांचं आहे. सुभाषचंद्र बोस बर्लिनमध्ये असताना, १९४२ साली, ती सुरू झाली, म्हणून आपण त्यांना सहज ‘जर्मन बनावटीची’ म्हणतो. ती घडवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल कारखान्याने. तेव्हा ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केलेला होता हे खरं, पण कारागिरी, ठसे आणि गाव व्हिएन्नाचं. याच कारखान्याने युद्धानंतरही जुन्या ठशांवरून पदकं काढली, आणि त्यामुळे सूवालच्या मालाचा काळ ठरवताना संग्राहक फार जपून बोलतात.

आता ‘डी.आर.जी.एम.’, म्हणजे ‘डॉइचेस राइश्स-गेब्राउख्समुस्टर’, जर्मन राष्ट्रात नोंदलेली उपयुक्त रचना. ही खूण बरीच जास्त बोलते. १८९१ साली जर्मनीत छोट्या, व्यवहारोपयोगी सुधारणांसाठी वेगळा कायदा आला. पेटंटइतका मोठा शोध नसला तरी वस्तूची रचना नवी आणि उपयोगी असली की नोंदणी मिळायची. संरक्षण तीन वर्षांचं, वाढवून सहा. या नोंदी बर्लिनच्या पेटंट कचेरीत होत आणि सगळ्या देशासाठी क्रमांकाची एकच मालिका चाले. म्हणून या खुणेशेजारी क्रमांक असेल तर त्यावरून नोंदणीचं साल बऱ्यापैकी जवळ जाऊन काढता येतं. बिल्ला त्याच्या आधीचा असू शकत नाही; नंतरचा मात्र असू शकतो, कारण मुदत संपल्यावरही जुना ठसा कुणी लगेच मोडीत काढत नसे.

इथे एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. हे संरक्षण उपयुक्त रचनेला असतं, चित्राला नाही. मग बिल्ल्यावर ते कशाला? बहुतेक वेळा मागच्या जोडणीला: टाचणीचा विशिष्ट वळसा, कोटाच्या काजात बसणारी चकती, स्क्रूची पकड. अशी जोडणी एका कारखान्याची आणि पुढचा भाग दुसऱ्याचा, हेही शक्य आहे. खूण चकतीवर आहे की बिल्ल्याच्या मुख्य पत्र्यावर, हे भिंगातून आधी पाहावं. चकतीवर असेल तर त्या क्रमांकाने चकतीचा मालक सापडेल, बिल्ल्याचा नव्हे.

या खुणेतल्या ‘राइश’ या शब्दाने आणखी एक गैरसमज पसरवला आहे. तो दिसला की काही विक्रेते वस्तू सरळ हिटलरच्या काळात नेतात आणि किंमत चढवतात. १८७१ पासून जर्मन राष्ट्राचं नावच ‘राइश’ होतं, पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकातही तेच राहिलं. १९०५ सालच्या सायकल क्लबाच्या बिल्ल्यावरही ही खूण असू शकते. नोंदणीची वरची मर्यादा म्हणाल तर १९४५. पेटंट कचेरी म्युनिकमध्ये पुन्हा उघडली ती १९४९ मध्ये, आणि पुढे पश्चिम जर्मनीच्या मालावर ‘राइश’च्या जागी ‘बुंड’चं (म्हणजे संघराज्याचं) आद्याक्षर येऊन ‘डी.बी.जी.एम.’ झालं.

थोडक्यात, एका खुणेवरून देशसुद्धा नक्की होत नाही. दुसरीवरून देश आणि काळाची चौकट मिळते. गाव आणि कारखाना दोन्हींतून मिळत नाही. त्यासाठी पाठीवर नाव हवं. वेस्टफालियातलं ल्यूडेनशाइड हे बटणं आणि बिल्ल्यांचं मोठं केंद्र. स्टाइनहाउअर उंड ल्यूक हा कारखाना तिथे १८८९ पासूनचा. दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेलं फोर्त्सहाइम हे दुसरं. गाब्लोन्त्स हे नाव दिसलं तर मात्र थांबावं. बोहेमियातलं हे काचेच्या आणि नकली दागिन्यांचं गाव १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८ च्या म्युनिक करारानंतर जर्मनीत, आणि १९४५ नंतर पुन्हा चेकोस्लोव्हाकियात याब्लोनेत्स म्हणून. तिथून हाकलले गेलेले जर्मन कारागीर बव्हेरियात काउफबॉयरेनला स्थायिक झाले आणि त्यांच्या वस्तीचं नाव नॉयगाब्लोन्त्स पडलं. त्यामुळे नुसतं ‘नॉयगाब्लोन्त्स’ वाचलं की बिल्ला युद्धानंतरचा हे कळतं, आणि नुसतं ‘गाब्लोन्त्स’ वाचलं की कोणत्या राजवटीतला हे दुसऱ्या पुराव्यावरून शोधावं लागतं.

दोन्ही खुणा नकली बिल्ल्यावर छापणं सोपं आहे, म्हणून शेवटी मीना तपासायलाच हवा. खरा मीना म्हणजे काचेची पूड, तांब्याच्या मिश्रधातूवर सुमारे ८०० अंशांना भाजलेली आणि घासून धातूच्या रेषांच्या बरोबरीला आणलेली. टवका उडाला तर फुटलेल्या काचेसारखी चकचकीत, शिंपल्यासारख्या वळणाची कड दिसते. मीन्याऐवजी रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा कृत्रिम पदार्थ, भरलेला असेल तर त्यावर टवके उडण्याऐवजी मऊ ओरखडे पडतात. एपॉक्सी रेझिन बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, पाठीवर ‘डी.आर.जी.एम.’ आणि पुढे रेझिन असेल तर त्या दोघांचं जुळत नाही. फोटोवरून घेत असाल तर विक्रेत्याकडून पाठीचा जवळून काढलेला फोटो आणि तिरप्या उजेडात काढलेला पुढचा फोटो, असे दोन्ही मागून घ्या.