५८.६ टक्क्यांची मर्यादा स्विचची नव्हे, एकाच रांगेची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसलंय: ‘इनपुटला रांग लावणारा स्विच ५८.६ टक्क्यांपलीकडे जात नाही.’ स्विच म्हणजे इनपुटला आलेली पॅकेटं (डेटाचे तुकडे) योग्य आउटपुटकडे धाडणारं नेटवर्कमधलं यंत्र; टक्के त्याच्या क्षमतेचे. हे वाक्य अर्धसत्य आहे.

हा आकडा (२ उणे √२) १९८७ च्या एका शोधनिबंधातला. गृहीतकं अशी: पोर्ट (जोडणीची तोंडं) भरपूर, ट्रॅफिक (डेटाची वर्दळ) सगळीकडे सारखं आणि प्रत्येक इनपुटला एकच रांग. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी पुढची गाडी थांबली, की अलीकडच्याच गल्लीत वळणारी मागची गाडीही खोळंबते; तसंच पहिलं पॅकेट अडलं की मागची सगळी अडतात. दोनच पोर्ट असतील तर मर्यादा ७५ टक्के, हे मात्र कुणी सांगत नाही!

प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग ठेवली की ही अडवणूकच संपते. मग कोणत्या इनपुटची जोडी कोणत्या आउटपुटशी, हे स्विचमधला शेड्यूलर ठरवतो. संगणकशास्त्रज्ञ निक मॅकेऑन यांच्या ‘आयस्लिप’ या जोड्या ठरवण्याच्या पद्धतीत इनपुट मागणी करतं, आउटपुट पाळीपाळीने मंजुरी देतं, इनपुट त्यातली एक स्वीकारतं; ही झाली एक फेरी. मंजुरी पहिल्या फेरीत स्वीकारली गेली तरच आउटपुटची पाळी पुढे सरकते. या बारीकशा नियमामुळे पाळ्या आपोआप विखुरतात आणि समान ट्रॅफिकवर थ्रूपुट (प्रत्यक्ष पार होणाऱ्या डेटाचं प्रमाण) १०० टक्क्यांपर्यंत पोचतं.