चालण्याआधीचा ‘वॉक’

‘वॉक’ म्हणजे चालणे, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं. अडतं ते उच्चारापाशी. स्पेलिंगमध्ये ‘एल’ दिसतो म्हणून मुलं आधी ‘वाल्क’ वाचतात. त्यांना हसू नये, कारण चौदाव्या शतकातले लंडनकर तो ‘ल’ उच्चारतच होते. पुढे ‘अ’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये ‘उ’सारखा स्वर शिरला आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘क’च्या आधीचा ‘ल’ बोलण्यातून गळाला. टॉक, चॉक, फोक यांचंही तेच झालं. मिल्क आणि सिल्क मात्र वाचले, कारण तिथे ‘ल’च्या आधी ‘इ’ आहे. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो १४७६ मध्ये, म्हणजे ‘ल’ पुरता जाण्याआधी. छपाईत ते अक्षर टिकलं ते कायमचं.

उच्चारापेक्षा अर्थाचा प्रवास जास्त लांबचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे गडगडणे, उसळणे, हेलकावे खाणे. एक्झिटर बुक या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात एका खलाशाच्या तोंडी कविता आहे. तिच्यात खवळलेल्या लाटांच्या उसळण्याला ‘गेवेआल्क’ म्हटलंय. पायी चालण्यासाठी तेव्हा ‘गान’ आणि ‘गांगन’ ही क्रियापदं होती. आजचा ‘गो’ त्यातल्या ‘गान’चा वंशज.

संस्कृतातला ‘वल्ग्’ हा धातू याच कुळातला मानतात. त्याचा अर्थ उड्या मारणे, उसळणे. अमरकोशात घोड्याच्या पाच चाली सांगितल्या आहेत, त्यांत एक ‘वल्गित’. आपली ‘वल्गना’ त्याच धातूची: आधी शरीराचं उसळणं, मग जिभेचं. इंग्रजांचा वॉक आणि आपली वल्गना एका घरातली निघावीत याचा मला खरोखर आनंद होतो.

इ.स. १२००च्या सुमाराला ‘वॉक’ पायी चालण्याच्या अर्थाने लिखाणात दिसू लागतो. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, म्हणजे १०६६ नंतर, इंग्रजीत लेखन कमी झालं होतं. त्यामुळे हा अर्थ बोलण्यात आधीच रुळला असावा आणि कागदावर उशिरा उतरला असावा, असं मानायला जागा आहे.

दरम्यान या शब्दाला एक धंदा चिकटला होता, आणि मला तोच सर्वांत रंजक वाटतो. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असे. ते कुंडात पाण्यात, शिळ्या मूत्रात किंवा आपण जिला मुलतानी माती म्हणतो तसल्या मातीत भिजवायचं आणि अनवाणी पायांनी तासन् तास तुडवायचं. कापड आटे, वीण दाट होई, वारा-पाऊस अडवण्याजोगी. या तुडवण्यालाही हाच शब्द होता, आणि जर्मनमध्ये ‘वाल्कन’ आजही त्याच अर्थाने वापरतात, चालण्याच्या नव्हे. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायांचं काम कमी झालं. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर मात्र बायका फळीभोवती बसून, गाणी म्हणत, ओलं कापड हातांनी आपटत राहिल्या. ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालली.

कापड तुडवणाऱ्या या कारागिरांची आडनावं इंग्लंडमध्ये प्रदेशानुसार बदलतात. आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर, आणि उत्तरेला वॉकर.