यारा खोऱ्यातील कॅबर्नेट मिश्रण

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ५० किमी. अंतरावर असलेल्या यारा खोऱ्यात तयार होणारी लाल वाइन. कॅबर्नेट सोव्हिन्याँ ही तिची मुख्य द्राक्षजात. तिच्या जोडीला मर्लो, कॅबर्नेट फ्राँ, माल्बेक आणि पेती व्हर्दो या जाती कमीअधिक प्रमाणात असतात. हा मेळ मुळात फ्रान्समधील बोर्दो प्रांताचा. ऑस्ट्रेलियन लाल वाइन म्हटले की दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील बरोसा खोऱ्यातील शिराझ या द्राक्षजातीची गडद, दाट वाइन डोळ्यांपुढे येते. यारातील कॅबर्नेट त्या चित्रात बसत नाही. तिचा मद्यांश साधारण १३ टक्क्यांच्या आसपास असतो, रंग गडद असला तरी चवीत जडपणा नसतो आणि आंबटपणा ठळक असतो. थंड हंगामातील वाइन पहिली काही वर्षे घट्ट, मिटलेली राहते; तिची खरी पारख व्हायला दहा ते वीस वर्षे द्यावी लागतात.

खोऱ्याचे हवामान फ्रान्समधील बर्गंडी प्रांतापेक्षा उबदार आणि बोर्दोपेक्षा थोडे थंड, असे त्याचे नेहमीचे वर्णन केले जाते. कॅबर्नेट ही उशिरा पिकणारी जात असल्याने येथे ती आपल्या मर्यादेच्या काठावरच वाढते. काढणी बहुधा मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये होते. नाशिकच्या बागांशी तुलना केली तर यातील मर्म चटकन ध्यानात येते. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे घड पिकत असताना थंडी ओसरून ऊन वाढत जाते. दक्षिण गोलार्धातील यारात याच्या उलट घडते. उन्हाळा सरलेला असतो, दिवस आखडत असतात आणि रात्री गार होत जातात. शेवटची गोडी मण्यांत फार संथपणे उतरते.

या संथपणाचे परिणाम मोजता येण्याजोगे आहेत. द्राक्षातील मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळून जाते. गारव्यात ते टिकते. आम्लता चांगली असली की वाइनचा रंग उजळ राहतो आणि तिला बिघडवणाऱ्या जिवाणूंना वाव कमी मिळतो. साखर हळू चढत असल्याने मद्यांश भरमसाट होण्याआधीच सालींना व बियांना पक्व व्हायला सवड मिळते. मात्र गारवा म्हणजे निव्वळ वरदान नव्हे. कॅबर्नेटच्या मण्यांत पायराझिन गटातील संयुगे असतात. त्यांचा वास हिरव्या ढोबळी मिरचीसारखा असतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प मात्रेतही तो नाकाला जाणवतो. पिकताना, घडांना ऊन लागताना ही संयुगे घटतात. हंगाम फारच थंड गेला तर ती उरतात, टॅनिन (सालींतील व बियांतील तुरट द्रव्य) कच्चे राहते आणि अशी वाइन कितीही वर्षे ठेवली तरी सुधारत नाही. नुसत्या थंड वर्षाचे कौतुक म्हणूनच अपुरे आहे. वर्ष थंड असूनही फळ पूर्ण पिकले, तरच ती बाटली तळघरात ठेवण्याच्या लायकीची.

मिश्रणाची गरजही येथूनच उगवते. एकट्या कॅबर्नेटची चव जिभेवर सुरुवातीला भरते, शेवटी रेंगाळते, पण मध्ये पोकळ वाटते. ती पोकळी मर्लो भरून काढते. कॅबर्नेट फ्राँ सुगंध देते, माल्बेक रंग आणि फळाचा भरदारपणा देते. पेती व्हर्दो चिमूटभरच पुरते. शिवाय मर्लो कॅबर्नेटच्या आधी पिकते, त्यामुळे एखाद्या वर्षी शेवटच्या आठवड्यांत पावसाने घोळ घातला तरी हाती काही चांगले लागलेले असते.

खोऱ्यात पहिल्या वेली १८३८ मध्ये रायरी बंधूंनी येरिंग येथे लावल्या. पुढे पॉल आणि ह्यूबर्ट द कास्तेला, गियोम द प्युरी या स्विस वसाहतकऱ्यांनी बागांना नाव मिळवून दिले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात येरिंगच्या वाइनला मोठा सन्मान मिळाला. त्यानंतर मंदी आली, लोकांची आवड गोड व तीव्र फोर्टिफाइड (वरून मद्यार्क घातलेल्या) वाइनकडे वळली आणि १९२० च्या दशकात बागांच्या जागी दुभत्या गायींची कुरणे आली. जवळजवळ अर्धशतक खोऱ्यात वाइन थांबली होती.

ती पुन्हा सुरू करणाऱ्यांत दोघांचे काम कॅबर्नेटच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. बेली कॅरोडस हे वनस्पतिशरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये ‘यारा येरिंग’ या बागेची लागवड केली आणि १९७३ मध्ये पहिली वाइन काढली. त्यांनी तिला ‘ड्राय रेड नंबर वन’ एवढेच साधे नाव दिले. किण्वनासाठी त्यांनी चहाच्या खोक्यांसारख्या दिसणाऱ्या, आतून स्टेनलेस स्टीलचा पत्रा मारलेल्या लाकडी पेट्या वापरल्या. एका पेटीत जेमतेम अर्धा टन द्राक्षे मावतात. वर तरंगून येणारा सालींचा थर त्यात हातानेच खाली दाबता येतो, त्यामुळे रंग व टॅनिन हळुवार उतरतात आणि लहान घाणे वेगवेगळे ठेवून नंतर मेळ जुळवता येतो. दुसरे जॉन मिडल्टन, लिलीडेलचे डॉक्टर. त्यांनी पत्नी मार्ली यांच्यासह १९७१ मध्ये ‘माउंट मेरी’ बाग उभी केली. तेथील ‘क्विंटेट’ या वाइनमध्ये पाचही जाती असतात आणि कॅबर्नेटचा वाटा पुष्कळदा निम्म्याहून कमी असतो. देशभर जाड, ओकच्या पिंपांच्या वासाने माखलेल्या लाल वाइनचा बोलबाला होता तेव्हाही मिडल्टन यांनी आपली रीत सोडली नाही. आज क्विंटेटची गणना ऑस्ट्रेलियातील सर्वोत्तम लाल वाइनमध्ये होते, ती या हट्टामुळेच.

हंगामांचा फरक समजण्यासाठी २०११ आणि २०१७ ही वर्षे शेजारी ठेवावीत. दोन्ही थंड. २०१०–११ मध्ये ला निना या प्रशांत महासागरातील हवामान-घटनेच्या प्रभावाने पाऊस हटेना. केवडा हा बुरशीरोग आणि घडकुज यांनी बागायतदार हैराण झाले, कॅबर्नेटला पिकणेच जड गेले. बाग किती नेटाने सांभाळली आणि वाईट घड किती निर्दयपणे टाकून दिले, यावर त्या वर्षीची प्रत ठरली. २०१७ चा हंगामही लांबला, पण घड निरोगी राहिले. त्या वर्षीच्या चांगल्या मिश्रणांत ब्लॅककरंटसारखे फळ, तमालपत्राची छटा आणि बारीक दळलेल्या पिठासारखे मऊसूत टॅनिन आढळते. ती दीर्घकाळ ठेवण्याजोगी मानली जातात.

वाइन मुरणे म्हणजे नुसते जुने होणे नव्हे. बाटलीत टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होत जातात. तुरटपणा मवाळ होतो आणि काही भाग साका बनून तळाशी बसतो. जांभळा रंग विटकरी होतो, ताज्या फळाच्या जागी देवदार, तंबाखूचे पान, ओली माती असे गंध येतात. यासाठी १२ ते १५ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान आणि अंधार लागतो. नैसर्गिक बूच असल्यास ते ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. ऑस्ट्रेलियात आटे असलेली झाकणेही सर्रास वापरली जातात, तेथे ही अट नाही. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात घरातल्या साध्या कपाटात अशी बाटली दहा वर्षे ठेवणे म्हणजे ती गमावणे. तापमान राखणारे वाइनचे कपाट नसेल तर ती आधीच प्यावी.

जुनी बाटली उघडण्यापूर्वी एक दिवस उभी ठेवतात, म्हणजे साका खाली बसतो. मग मानेमागे मेणबत्ती किंवा विजेरी धरून वाइन संथ धारेने दुसऱ्या भांड्यात ओततात आणि मानेशी गाळाची काळी रेघ दिसताच हात थांबवतात. कोवळ्या वाइनला हवा लागण्यासाठी तासन्‌तास मोकळे ठेवले तर ती खुलते. वीस वर्षांच्या बाटलीचा सुगंध नाजूक असतो, तो लवकर उडून जातो. म्हणून ती ओतल्यावर लगेचच पेल्यांत घेतात.