गळालेला अल्फा: ग्रीक व्युत्पत्तीची पार्श्वभूमी

ग्रीक 'एटिमोस' म्हणजे खरा. त्यामुळे ग्रीकांच्या 'एटिमोलोगिया'ला आजच्या अर्थाने व्युत्पत्ती म्हटलं की घोळ सुरू होतो. शब्द कोणत्या वाटेने आला याच्याशी त्या पंडितांना फारसं कर्तव्य नव्हतं. हे नाव त्या वस्तूला का शोभतं, ते सांगायचं होतं. म्हणून एकाच शब्दाची तीन मुळं दिली तरी ती एकमेकांना खोडत नसत. कॉन्स्टँटिनोपलमध्ये नवव्या शतकापासून झालेल्या व्युत्पत्तिकोशांत ती 'किंवा' लावून ओळीने येतात, संकलक सहसा निवाडा करत नाही. अशाच एका कोशाची, बाराव्या शतकातल्या 'एटिमोलोगिकम मॅग्नम'ची, छापील प्रत व्हेनिसला १४९९ मध्ये निघाली. हरवलेल्या ग्रंथांतली कितीतरी मतं या कोशांमुळेच वाचली.

नावातून असा अर्थ काढायचे उपाय चार: अक्षर घालणं, गाळणं, जागा बदलणं, अक्षरच बदलणं. प्लेटोच्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या 'क्रॅटिलस' संवादात 'अँथ्रोपोस' (माणूस) हा शब्द 'अनाथ्रोन हा ओपोपे' यावरून काढलाय: जे पाहिलं त्याची पारख करणारा. जनावर नुसतं बघतं. एक अल्फा (ग्रीक 'अ') गळाला, शेवटच्या अक्षराचा आघात उतरला, की झाला शब्द. मधला 'हा' कुठे गेला, हे मात्र कोणी विचारत नाही. अक्षरं हवी तशी घालू-गाळू दिली तर कोणतंही नाव कशालाही चिकटवता येईल, अशी कबुली त्याच संवादात आहे. तेवढ्यावरून सगळा प्रकार थट्टेचा ठरवण्याची पद्धत होती. अलीकडे तो गंभीरपणे वाचणारे वाढलेत, आणि ते योग्यच आहे. पुढे हजार-बाराशे वर्षं हेच चार उपाय कोणी थट्टेखातर वापरले नाहीत.

खरी अडचण साध्या शब्दांपाशी झाली. 'प्युर' (आग), 'हुडोर' (पाणी), 'क्युओन' (कुत्रा) फोडता येईनात. आशिया मायनरमधले (आजचं तुर्कस्तान) फ्रिजियन लोकही थोड्या फरकाने हेच शब्द वापरतात, तेव्हा ते परकीय असणार, असं म्हणून संवादाने सुटका करून घेतली. साम्य अचूक दिसलं होतं. दोन्ही भाषांचा पूर्वज एक असेल ही कल्पनाच नव्हती. ती १७८६ मध्ये कोलकात्यातल्या एका व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनबद्दल स्पष्ट मांडली गेली. 'हुडोर'शेजारी संस्कृत 'उदन्' आणि 'क्युओन'शेजारी 'श्वन्' आला. एकोणिसाव्या शतकात तर अक्षर मनाला येईल तसं गाळायची सोयच संपली: ग्रीक 'क'समोर संस्कृत 'श' एकदा मानला की तो 'देका'–'दश' आणि 'हेकातोन'–'शत' इथेही दिसलाच पाहिजे.