शिंबावंत कुल

शेंग धरणाऱ्या सपुष्प वनस्पतींचे कुल. शास्त्रीय नाव फॅबेसी, जुने नाव लेग्युमिनोजी. दोन्ही नावे ग्राह्य आहेत. यात सुमारे ७६५ प्रजाती (जीनस) व १९,५०० जाती (स्पीशीज) असून जातींच्या संख्येत सूर्यफूल आणि ऑर्किड कुलांनंतर याचाच क्रम लागतो.

जुन्या पुस्तकांत पलाश, संकेश्वर आणि शिरीष अशी तीन उपकुले आढळतात. संकेश्वरातील काही प्रजाती एकमेकींपेक्षा शिरीषालाच जवळच्या असल्याचे डीएनएवरून दिसले, म्हणून २०१७ मध्ये सहा उपकुलांची मांडणी झाली आणि शिरीष संकेश्वरात गेले. ठाणे व नवी मुंबईच्या रस्त्यांवरचे गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष आता एकाच उपकुलात येतात. आपटा-कांचन सर्सिडॉइडीत, चिंच व सीतेचा अशोक डिटॅरिऑइडीत. उरलेल्या दोन छोट्या उपकुलांपैकी ड्युपार्केशिऑइडीत तर एकच जाती आहे.

झाड ओळखायचे तर फूल नव्हे, उमलायच्या बेतातली कळी घ्यावी. संदले (कळीबाहेरची हिरवी दले) काढून पाकळ्या बाहेरून आत एकेक सोडवाव्यात. वरची पाकळी सर्वांत बाहेर असली तर पलाश उपकुल: ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातले पळस-पांगारे, खाडीकाठचा करंज, खारफुटीवर चढणारी करंजवेल आणि आपली तूरही. ती सर्वांत आत असली तर जुना संकेश्वर गट. मग पान पाहावे. आपट्याचे पान टोकाशी दुभंगलेले असते, बहाव्याचे संयुक्त. पाकळ्या एकमेकींवर न चढता कडेला कड लागून असल्या आणि केसरांचा झुबका असला, तर शिरीष गट: खैर, बाभूळ, लाजाळू. उमललेल्या फुलावरून हमखास फसगत होते. गुलमोहराची ठिपक्यांची पांढुरकी पाकळी पळसाच्या ध्वजासारखी (वरच्या पाकळीसारखी) भासते, पण कळीत ती आत असते. बोलीतली नावेही दगा देतात. विलायती चिंच ही चिंचेच्या उपकुलातली नव्हेच, ती शिरीष गटातली.

शेंग आली म्हणजे मुळांवर हवेतले नत्र बांधणाऱ्या गाठी असणारच, हा समज चुकीचा आहे. चिंच, आपटा, बहावा, गुलमोहर यांना त्या येत नाहीत. जमिनीतले नत्र वाढवण्यासाठी ही झाडे लावणे व्यर्थ. करंज, गिरिपुष्प, सुबाभूळ यांना येतात. गाठ नखाने चिरावी: आत गुलाबी-लाल रंग असेल तर ती नत्र बांधते आहे, हिरवट किंवा करडी असेल तर निकामी.